काना

शाळेला दोन दारं, दोन घंटा.
पहिलीनंतर वीस मिनिटांनी दुसरी,
म्हणजे जिन्यावर कुणाची कुणाशी गाठ पडू नये.
अंगणात मधोमध तारेचं कुंपण होतं, ते परवा काढलं,
पाहुणे यायचे होते म्हणून.
खांबांची भोकं राहिलीत.
मुलं त्यात गोट्या खेळतात.

वेदराना लोंचार नववीला इतिहास शिकवते.
लोंचार म्हणजे कुंभार.
बोस्नियात कुंभार तिन्ही बाजूंना होते,
त्यामुळे आडनाव ऐकून पुढचा माणूस घुटमळतो,
आईचं माहेर विचारतो,
आजोबांना कुठल्या टेकडीवर पुरलं ते विचारतो.
ती म्हणते, मडकी छान करायचे.

त्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलं: पूल पाडला.
पुस्तकात होतं: पूल पडला.
तिच्या भाषेत हा फरक एका इवल्या शब्दाचा,
आपल्या भाषेत तर नुसत्या एका कान्याचा.
खडूची एक उभी रेघ,
बाहीने पुसली तरी जाईल अशी.

कुणी पाडला, घरी विचारून या, ती म्हणाली.
तेवीस वह्या परत आल्या.
सतरा वह्यांत एकच नाव, खाली दोनदा रेघ.
तिघांनी लिहिलं, आमच्याकडे जेवताना हे बोलत नाहीत.
एकाने, पूल जुनाच होता.
एक वही कोरी.
आणि यागोदाने लिहिलं:
बाबांना विचारलं. ते उठून बाहेर गेले.
मी झोपेपर्यंत आले नव्हते.

बुधवारी पत्र आलं.

साहेब सभ्य होते. कॉफी मागवली,
साखरेचा खडा स्वतः तिच्या बशीत ठेवला.
बाई, विषय नाजूक आहे.
तुम्ही खोटं शिकवा असं कुठे म्हणतोय आम्ही?
पडला, हेही खरंच ना?
शेवटी पडला की नाही?
पडला, ती म्हणाली.
मग झालं तर.

दुसऱ्या दाराचे साहेबही आले होते.
दोघांचं तीस वर्षांत
शाळेच्या रंगावरसुद्धा एकमत झालं नव्हतं.
या बाईवर झालं.

मुख्याध्यापक झिवको तिला फाटकापर्यंत सोडायला आले.
माझी पेन्शन चौदा महिन्यांवर आलीय, म्हणाले.
तिने काही विचारलं नव्हतं.

आता ती भूगोल शिकवते.
भूगोलात कुणी काही करत नाही,
डोंगर झिजतात, किनारे खचतात,
वारे आपापले वाहतात.
सगळी क्रियापदं निर्दोष.

सप्टेंबरात पाणी उतरलं तसा तिने वर्ग काठावर नेला.
मागे घडीच्या खुर्चीवर एक गृहस्थ, मांडीवर डायरी.
नदी दगडाचं काय करते?
गोल करते, मुलं एका सुरात म्हणाली.
मग एकाने बोट केलं,
बाई, हे चौकोनी कुठले?

गुडघाभर पाण्याखाली
शेवाळलेले, काटकोनातले,
कडेला छिन्नीचे वार अजून मोजता येतील असे.

तिने मागे पाहिलं.
डायरीवरचं पेन थांबलेलं,
तेही वाट बघत होतं.
एक कर्ता तिच्या जिभेशी आला आणि तिने तो गिळला.
मला हे लिहितानाही तिचा राग येतो.
पण चौदा महिने प्रत्येकाचे असतात.

मोजा, ती म्हणाली.

पँटी दुमडून, बूट काठावर टाकून मुलं उतरली.
यागोदा म्हणाली एकेचाळीस.
कुणी म्हणालं अडतीस, तू हा दोनदा धरलास.
नाही धरला. धरलास.
आणि भांडण जुंपलं,
हात लावून तपासता येईल
अशा गोष्टीवरून.

पाणी फार गार होतं.
घंटा झाली, मग दुसरीही झाली.
कुणी बाहेर आलं नाही.